घर जुने, पण कोणाचे?



उसाच्या नोंदी घेण्यास आम्ही जवाहरनगरच्या बाजूला जातो, तेव्हा दोन तऱ्हेची जुनी घरे दिसतात. एक आयुध निर्माणीची वसाहत, १९६० नंतरची. दुसरी आसपासच्या गावांतली, मातीच्या भिंतींची, कवेलूची. क्वार्टर सरकारी, नोकरी आहे तोवर राहायचे, निवृत्त झाले की किल्ली परत. गावातले घर मात्र आज्याचे, बापाचे, म्हणजे आपले.

घर किती जुने यापेक्षा त्याची दुरुस्ती कोणाच्या अंगावर, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या जुन्या चाळी बहुतेक भाड्याच्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या दरावर बांधली. तेवढ्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरू म्हणे, घर माझे थोडेच आहे! शेवटी १९६९ साली सरकारला इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. पुढे मालकीचे फ्लॅट वाढले. त्यामुळे तिथे जुने ते भाड्याचे, नवे ते मालकीचे असे झाले. आपल्या गावात बहुधा उलटे: जुने घर मालकीचे, आणि भाड्याची खोली नवी, स्लॅबची, रस्त्याकडेची.

ठेक्याच्या वावरात शेणखत कोण टाकतो? घराचेही तसेच. पण मालकी असूनही घर पडते, हे आम्ही पाहिले आहे. मुलगा क्वार्टरमध्ये, म्हातारा-म्हातारी थकलेली, कवेलू फेरायला कोणी नाही. भावाभावांत 'तू कर, मी कर'. एक कवेलू सरकते, भिंतीत पाणी मुरते, दोन पावसाळ्यांत सपरी बसते. मग निवृत्तीला क्वार्टर सुटतो, गावचे घर पडलेले असते, आणि आयुष्यभराची पुंजी नव्या बांधकामात जाते.

म्हणून दोन कामे यंदाच उरका. मृगाआधी छपर पाहून घ्या. खर्च भावांनी वाटून घ्यावा. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वडिलांच्या पश्चात वारसांची नावे चढली का, ते तपासा. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली; आपल्या गावची मोजणी झाली असल्यास पत्रिका मागून घ्या.

वेळेवर नांग्या भरल्या तर खोडवाही चांगले टनेज देतो. जुन्या घराला तेवढीच राखण हवी.

– ऊस विकास अधिकारी