मोबाईलची बॅटरी दुपारीच का उतरते?


हल्ली बार्शी भागात शिवारफेरीला गेलो की उसाइतकीच मोबाईलची तक्रार ऐकू येते. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिच्यासाठी गटात उभे राहून फोटो काढावा, तर फोन बंद!

ॲप सोडून बाहेर आलो तरी काही ॲप मागे चालूच राहतात. आपले ठिकाण बघतात, फोटो-निरोप ओढतात. पाट मध्येच फुटावा, तसलेच हे.

पुष्कळ जण सगळे ॲप सारखे बोटाने उडवतात. आम्हीही उडवायचो. त्याने फारसे साधत नाही. स्वस्थ पडलेले ॲप बॅटरी जवळजवळ खात नाही. पुन्हा पहिल्यापासून उघडायलाच जास्त लागते. त्यापेक्षा सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ उघडून कोण किती खातो ते पाहावे, त्यालाच आवर घालावा. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरतानाच’ ठेवावी. रेंज नसलेल्या फडात फोन रेंज शोधूनच दमतो, ते वेगळे.

मात्र तोडीचा निरोप व्हॉट्सॲपवर येत असेल तर त्याला आवर घालू नये. निरोप अडकून राहील, नि टोळी फडात येऊन उभी राहिली तरी तुम्हाला पत्ता नसेल.