वर्षाला ७३ किलो दगड

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये कोपऱ्यात एक टेबल असतं. त्यावर ब्युरेट, काचेचा चंबू, ड्रॉपरच्या दोन-तीन बाटल्या आणि लॉगशीटचं पॅड. ऑपरेटर ठरल्या वेळी सॉफ्टनरमधून येणाऱ्या पाण्याचा जडपणा काढतो आणि तिथे लिहितो. आकडा जवळजवळ शून्य हवा. तो चढायला लागला की मिठाचं पाणी सोडून सॉफ्टनरमधलं जडपणा धरणारं रेझिन ताजं करायचं, नाहीतर बॉयलरच्या नळ्यांवर थर बसतो, इंधन जास्त जळतं आणि नळी तापून फुटू शकते. पाळी संपली की तोच ऑपरेटर मोशीला किंवा चऱ्होलीला घरी जातो. तिथे टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळलेलं असतं आणि त्याचा जडपणा सोसायटीत कुणालाही ठाऊक नसतो.

माझी सगळी नोकरी अशाच युटिलिटी विभागांत गेली आणि पाण्याचा जडपणा हा माझा ध्यास होऊन बसला. कारखान्यात जडपणाचा खर्च एकाच हिशेबात दिसतो: मीठ, रेझिन, इंधन. घरात तो साबण, गॅस, प्लंबर, गीझरची कॉइल, बाथरूमचं ॲसिड, नवा शॉवर अशा वेगवेगळ्या खिशांतून जातो. त्याची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तो दिसत नाही.

ती बेरीज करायला आधी एक सोपं गणित. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा (म्हणजे विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपण मधला ४०० धरू. एका कुटुंबाला दिवसाला ५०० लिटर पाणी लागतं असं मानलं, तर २०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका ऐवज दररोज नळातून घरात येतो. वर्षाचे झाले ७३ किलो. बराचसा मोरीतून निघून जातो हे खरं, पण जाता जाता तो काय काय करतो, ते पाहण्यासारखं आहे.

साबणाचं घ्या. साबण म्हणजे चरबीच्या आम्लाचं सोडियम मीठ. कॅल्शियम भेटलं की साबण सोडियम टाकून त्याला धरतो आणि फेसाऐवजी चिकट, करडा साका तयार होतो. बादलीच्या कडेला, बाथरूमच्या फरशीवर आणि कॉलरवर बसतो तो हाच. १ ग्रॅम जडपणा सुमारे ६ ग्रॅम साबण असा निकामी करतो. २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम जडपणा असतो. तो सगळा साबणाच्या वाट्याला आला तर जवळपास ५० ग्रॅम साबण, म्हणजे अर्धी वडी, फेस येण्याआधीच संपली. आंघोळीत सगळी बादली साबणात मिसळत नाही, म्हणून इतकं होत नाही. पण हातानं कपडे धुताना बरंच होतं. धुण्याच्या पावडरी साबणाच्या नसतात, त्यांत सोडा आणि झिओलाइट घातलेलं असतं, तरी जड पाण्यात पावडर जास्त घालावी लागतेच. चाकणजवळ एका चाळीत धुणंभांडी करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "दादा, पालिकेचं पाणी आलं की चमचाभर पावडर पुरते. बोअरला मूठ लागते." त्यांनी कधी ब्युरेट हातात धरलं नसेल, पण चमचा आणि मूठ यांच्यातला फरक त्या रोज मोजत होत्या.

आता झिओलाइटबद्दल थोडं सांगतोच, कारण ही गोष्ट आपल्याच मातीची आहे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. त्यांतले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइट कुळातले. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले नमुने जगभरचे संग्राहक शोधत येतात. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट त्यांच्यात विशेष मानाचं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी या स्फटिकांपुढे तासन् तास उभा राहिलो आहे. झिओलाइट कुळाचा गुण असा की आपल्यातलं सोडियम सोडून पाण्यातलं कॅल्शियम पकडायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी सौम्य करण्याची यंत्रं याच तत्त्वावर निघाली आणि पावडरीत घालतात ते झिओलाइट याच कुळातलं, कारखान्यात घडवलेलं. पाणी जड करणारा आणि सौम्य करणारा, दोन्ही गुण एकाच पाषाणाच्या पोटात आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

पाषाण पाणी जड कसं करतो? पाऊस मातीतून मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारमधून कॅल्शियम आणि पायरॉक्सिनमधून मॅग्नेशियम तो हळूहळू सोडवून आणतो. सगळा खेळ वेळेचा. मावळात कोसळलेला पाऊस उतारावरून धावत पवना धरणात जातो. त्याला दगडाशी बोलायला वेळच मिळत नाही, म्हणून पवनेचं पाणी सौम्य. बोअरचं पाणी मुरमाखालच्या फटींत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुक्काम करून वर येतं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, चाकणला त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. त्यामुळे पूर्वेकडे भूजलाची धुलाई कमी होते आणि नदीकाठच्या गाळात चुनखडीचे खडे साठलेले सापडतात. दगड तोच, पाणी दोन तऱ्हांचं.

बोअरचं पाणी घरांत कसं शिरलं हे कळायला पाणीपुरवठ्याचा इतिहास मी थोडक्यात उरकतो. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका. रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेलं पवनेचं पाणी निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं. पवना धरणातून थेट शहरात पाणी आणणाऱ्या बंद जलवाहिनीला मावळात विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ ला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. पुढे आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या केंद्रात येऊ लागलं. मधल्या काळात वाकड, पुनावळे, मोशी, चऱ्होलीत इमारती उभ्या राहत गेल्या आणि कमी पडणारं पाणी बोअर आणि टँकरनं भरून काढलं.

मला ज्याचं सर्वात जास्त वेड, तो गीझर आता घेतो. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते जिथे पाणी सर्वात गरम तिथेच, म्हणजे एलिमेंटच्या (कॉइलच्या) अंगावर, बसतं. ६० अंशांच्या पुढे ते बहुधा अरॅगोनाइटच्या सुईदार रूपात वाढतं; शिंपल्यातला मोती बनतो तोही अरॅगोनाइटचाच. चिखलीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात काढून ठेवलेली कॉइल मी भिंगातून पाहिली आहे. त्या सुयांची रचना इतकी सुरेख होती की मालकाकडून तो तुकडा मी मागून घेतला.

इथे एक समज खोडून काढायला हवा. थर बसला म्हणजे विजेच्या गीझरचं बिल दुप्पट होतं, असं पुष्कळजण सांगतात. तसं होत नाही. एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं, त्याची उष्णता उशिरानं का होईना पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्धा युनिट लागतो, थर असो वा नसो. नुकसान होतं ते एलिमेंटचं. हा थर उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या शंभराव्या भागालाही पोचत नाही. त्याच्याखाली एलिमेंट अतोनात तापतं आणि जळतं. वीज फुकट जात नाही, कॉइल जाते, मेकॅनिकची फी जाते आणि थंडीत दोन दिवस घरातली माणसं चुलीवर पाणी तापवतात. गॅस गीझरचं मात्र वेगळं: तिथे ज्योत बाहेर आणि पाणी नळीत. थरामुळे उष्णता पाण्यात न जाता धुराबरोबर निघून जाते, गॅस खरोखर जास्त लागतो. म्हणून जड पाण्याच्या भागात गॅस गीझर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. विजेच्या गीझरचं तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवा. टाकीतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड सर्व्हिसिंगच्या वेळी बघायला सांगा. तो झिजून संपला की गंज टाकीलाच लागतो.

स्वयंपाकघरातला खर्च गॅसचा. तुरीच्या डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट करून टाकतं, आणि मग वरण किती शिट्ट्या झाल्या तरी एकजीव होत नाही. चऱ्होलीला राहणाऱ्या वहिनींची डाळ वरचेवर कच्ची राही आणि त्या दोष डाळीला, दुकानदाराला, कुकरलाही देत. मी त्यांना डाळ उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायला आणि त्याच पाण्यात शिजवायला सांगितलं, कारण उकळल्यावर बराचसा तात्पुरता जडपणा तळाशी बसतो. शिट्ट्या निम्म्यावर आल्या. खाण्याचा सोडा घालूनही डाळ मऊ होते, पण त्यानं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून तो मार्ग मला पटत नाही.

उपायांच्या बाजारात फसवणूक बरीच आहे. नळाला चुंबक लावून जडपणा जातो यावर विश्वास ठेवावा असा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरचं गणित घरी करता येतं. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. फिल्टरमध्ये २०० मिली रेझिन असलं तर १० ग्रॅम. आपल्या ४०० च्या पाण्याला ते २५ लिटरमध्ये, म्हणजे सव्वा बादलीत, संपतं. महिने-महिने टिकण्याचा दावा कशाच्या जोरावर करतात?

सोसायटीचा मोठा सॉफ्टनर खरा काम करतो, पण त्याचीही किंमत आहे. १०० घरं, ५०,००० लिटर, ४०० चा जडपणा १०० वर आणायचा, तर दररोज १५ किलो जडपणा काढावा लागतो. व्यवहारात किलोला तीन किलो मीठ लागतं, म्हणजे दिवसाला जवळपास एक गोणी. ते खारं पाणी सांडपाण्यात जातं, आणि त्याच पाण्यावर बाग केली की काळ्या मातीत सोडियम वाढतं. शिवाय या सौम्य पाण्याच्या प्रत्येक लिटरात सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते प्यायला घेऊ नये. फ्लशला सौम्य पाणी लागत नाही. सौम्य पाण्याची लाइन गीझर आणि वॉशिंग मशीनपुरती वेगळी ठेवली तर मीठ अर्ध्याहून कमी होतं. नव्या इमारतीत हे प्लंबिंगच्या नकाशावरच ठरवायला हवं, नंतर फरशा फोडाव्या लागतात.

मोजणी मात्र आजच सुरू करता येते. १८४१ साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी पाणी सौम्य करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं; साबणाच्या द्रावणानं जडपणा मोजायची रीतही त्यांचीच. पुढे झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झनबाख यांनी १९४० च्या दशकात ईडीटीए हे रसायन या कामाला लावलं. अमोनियाचं बफर आणि सूचक घातलं की ५० मिली पाण्याला मद्यासारखा लालसर रंग चढतो. ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडत राहिलं की जांभळी छटा येते आणि मग अचानक स्वच्छ निळं. ठरावीक तीव्रतेच्या या द्रावणाचं प्रत्येक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम जडपणा. २० मिली लागलं तर वीसनं गुणून ४००. हा रंग पालटताना पाहिल्यावर मला आजही तेवढाच आनंद होतो.

सोसायटीला ब्युरेटही लागत नाही. थेंब मोजायचं टेस्ट किट पुरतं. टँकर आला की सुरक्षारक्षक चलनावर वेळ आणि लिटर लिहितो. त्याच्याच शेजारी जडपणाचा एक रकाना आखायचा आणि पाइप टाकीला जोडण्याआधी बादलीभर पाणी काढून थेंब मोजायचे. मोशीत मित्राच्या सोसायटीत आम्ही हे सुरू केलं, तेव्हा एकाच पुरवठादाराच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या टँकरमध्ये दुपटीचा फरक निघाला. चालकानं सांगितलं, टँकर दोन वेगळ्या विहिरींवर भरतो. सोसायटीनं तेव्हापासून जड पाण्याची, संध्याकाळची विहीर बंद करून घेतली.