घरचे कोठार आणि शेजाऱ्याची भूक

संकट सांगून येत नाही, असे आपण सारेच म्हणतो. परंतु ते न सांगता येणार हे ठाऊक असताना आज घरात काय करून ठेवले आहे, असा प्रश्न कोणी केला, तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. दुष्काळ, पूर, भूकंप, कर्त्या माणसाची नोकरी सुटणे, ही सारी संकटेच होत. अमेरिकेतील काही ख्रिस्ती कुटुंबांनी या प्रश्नाचा विचार गेली दीडशे वर्षे चिकाटीने केला आहे. त्यांनी काय केले, ते कोठवर यशस्वी झाले आणि त्यातून कोणता नैतिक पेच उभा राहिला, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम धर्मग्रंथ काय सांगतो ते पाहू. बायबलात दोन सूर ऐकू येतात. योसेफाने फारोच्या स्वप्नाचा अर्थ लावून सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश जगविला. नीतिसूत्रांचा कर्ता आळशाला मुंगीकडे जाऊन शिकावयास सांगतो. येशूच्या दाखल्यातील पाच कुमारी दिव्याबरोबर तेलही घेऊन निघाल्या, म्हणून त्या शहाण्या ठरल्या. हा झाला एक सूर. दुसरा याच्या अगदी उलट. रानात मिळालेला मान्ना ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाला त्याच रात्री मरण आले. आणि उद्याची चिंता करू नका, असे तर येशूनेच सांगितले. मग साठवावे की साठवू नये? बारकाईने पाहिले तर दोष साठविण्याला दिलेला नाही. योसेफाचे कोठार इतरांसाठी उघडले गेले; धनवानाचे फक्त त्याच्यासाठी होते. दोहोंतला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता अमेरिकेकडे वळू. ज्यांना सामान्यतः मॉर्मन म्हणतात, ते लोक १८४७ साली छळाला कंटाळून युटाच्या ओसाड खोऱ्यात येऊन राहिले. ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात. त्यांच्या काही मतांमुळे इतर पंथांना हे मान्य नसते. तो वाद येथे बाजूस ठेवू. दुसऱ्याच वर्षी किड्यांच्या झुंडींनी त्यांची उभी पिके खाल्ली. जवळपास बाजारपेठ नाही, रेल्वे नाही. तेव्हा अन्नाचा साठा ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती, गरज होती.

१८७६ साली त्यांचे पुढारी ब्रिगम यंग यांनी गहू साठविण्याचे काम स्त्रियांवर सोपविले आणि एमेलिन वेल्स या बाईंकडे त्याचे नेतृत्व दिले. त्यांच्या भगिनीमंडळाने कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसे वेचली, वर्गणी जमविली, गावोगाव कोठारे बांधली. या गव्हाचे पुढे काय झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या गव्हाचे पीठ तेथे गेले. पुढच्या वर्षी चीनमधील दुष्काळग्रस्तांसाठीही पीठ रवाना झाले. १९१८ साली महायुद्धाच्या टंचाईत दोन लाखांहून अधिक बुशेल, म्हणजे सुमारे साडेपाच हजार टन गहू मंडळाने अमेरिकन सरकारला विकला. त्या पैशाच्या व्याजातून बाळंतिणींच्या व बालकांच्या आरोग्याचे काम चालले. आपल्या घरासाठी वेचलेले कणीस समुद्रापलीकडच्या भुकेल्यापर्यंत पोहोचले!

महामंदीच्या काळात या परंपरेला नवे रूप आले. सॉल्ट लेक शहरातील एका विभागात निम्म्याहून अधिक लोक बेकार झाले होते. तेथील तरुण प्रमुख हॅरल्ड ली यांनी १९३२ साली कोठार उघडले. बेकारांनी शेतावर राबावे, माल कोठारात यावा आणि ज्याला जशी गरज त्याला तसा द्यावा, अशी ती व्यवस्था होती. १९३६ साली साऱ्या चर्चने ही योजना स्वीकारली. तिच्या मुळाशी एक साधी चाल आहे : महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडावयाचे आणि वाचलेला पैसा गरजूंसाठी द्यावयाचा. आपल्याला उपवास नवा नाही. पण उपवासातून वाचलेले अन्न हिशेबाने भुकेल्याकडे पोहोचविण्याची ही शिस्त विचार करण्यासारखी आहे.

घरापुरती शिकवण अशी. पूर्वी वर्षभराचा साठा करा, असे सांगितले जाई. २००७ सालच्या सूचनेत पायऱ्या केल्या आहेत : रोज जे खातो त्याच अन्नाचा तीन महिन्यांचा साठा, पिण्याचे पाणी, थोडी शिल्लक रोकड, आणि मग गहू, तांदूळ, कडधान्य असे टिकाऊ धान्य. धान्य चांगले वाळवून, हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवले तर तीसेक वर्षे खाण्याजोगे राहते. मोठ्या माणसामागे महिन्याला सुमारे अकरा किलो धान्य आणि दोन किलो कडधान्य असा हिशेब सांगितला आहे. साठा हळूहळू वाढवावा, त्यासाठी कर्ज काढू नये, जुने आधी वापरून नवे मागे ठेवावे, हे नियमही त्यात आहेत. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवणाऱ्या आपल्या आजीला यातले काहीच नवल वाटले नसते. सुकाळात थोडे थोडे भरणे ही बेगमी. टंचाई पडल्यावर धावत जाऊन दुकान रिकामे करणे ही साठेबाजी. दोहोंत गल्लत होता कामा नये.

परंतु एवढ्याने भागते काय? ५ जून १९७६ रोजी युटाच्या उत्तरेस आयडाहो राज्यात टीटन नदीवरील नवे धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले. अकरा माणसे गेली, हजारो बेघर झाली. रेक्सबर्ग व आसपासच्या गावांत बहुसंख्य वस्ती याच पंथाची होती. पण ज्यांचे घरच वाहून गेले, त्यांच्या घरातला साठा काय कामाचा? अशा वेळी उंचावरील रिक्स कॉलेजने आपली दारे उघडली. पुढील काळात तेथे तीन लाखांहून अधिक जेवणे फुकट वाढली गेली आणि चिखल उपसावयास परगावचे स्वयंसेवक आले. घरचे कोठार जेथे संपले, तेथे शेजाराचे सुरू झाले. स्वावलंबनाची खरी मर्यादा येथे दिसते.

ही मर्यादा न ओळखली तर काय होते, तेही अमेरिकेने पाहिले आहे. १९६१ साली अणुयुद्धाच्या भीतीने घराघराशी तळघरे खोदण्याचे विचार सुरू झाले. तेव्हा मॅकह्यू नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी एका नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, आपल्या आश्रयस्थानात बळाने घुसू पाहणाऱ्या शेजाऱ्याला बळाने रोखण्याचा कुटुंबप्रमुखाला अधिकार आहे. यावर मोठे वादळ उठले. वॉशिंग्टनचे एपिस्कोपल बिशप अँगस डन यांनी ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ ही वृत्तीच अनैतिक ठरविली. मॅकह्यूंचा युक्तिवाद अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांचे रक्षण हे आईबापांचे पहिले कर्तव्य आहेच. परंतु संकट येण्यापूर्वी ज्याने शेजाऱ्याचा विचारच केला नाही, त्याच्यापुढेच दारात बंदूक घेऊन उभे राहण्याचा प्रसंग येतो. त्या प्रश्नाचे उत्तर दारात नव्हे, त्याआधी कित्येक वर्षे द्यावयाचे असते.

आपल्याकडे हे उत्तर पंडिता रमाबाईंनी दिले. त्यांचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. केडगावास विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा करून त्यांनी त्या मुलींना स्वतःच्या पायांवर उभे केले. भूक ज्यांनी सोसली, त्यांनी कुंपण घातले नाही, पान वाढले.

तेव्हा प्रत्येक घराने आपली बेगमी अवश्य करावी. कारण ज्या घरात दाणा आहे ते घर संकटात इतरांवर भार होत नाही. पण साठा मोजताना आळीतील म्हातारी, एकटी बाई, हातावर पोट असलेला मजूर यांचीही मोजदाद करावी. आणीबाणीत कोणाकडे पाणी, कोणाकडे औषध, कोणाकडे चूल, हे आधीच ठरवून ठेवावे. चार पायल्या अधिक भरल्याने घर सुरक्षित होते. त्यांतली एक शेजाऱ्यासाठी धरली, तर गाव सुरक्षित होते.