अंगणांतील दिवे

अंगणांत दिवे लावावयाचे म्हटलें, कीं पुष्कळांची दृष्टि प्रथम शोभेकडे वळते. आमच्या मतें आधीं एखाद्या अंधाऱ्या रात्रीं घरांतील वडील मंडळींसह अंगणांत फेरी मारावी. जेथें पाय अडखळेल, तेथें पहिला दिवा. पायऱ्या, विहिरीचा कांठ, फाटकाची वाट हीं स्थळें बहुधा निघतील. तेथें गुडघाभर उंचीचे, वरून झांकलेले व प्रकाश खालींच टाकणारे दिवे पुरतात.

दिवे एल्‌ईडी, २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिंवळसर उजेडाचे घ्यावे. पावसाकरितां ‘आयपी ६५’ प्रतीचे असावे. जमिनींतील तार नळींतून न्यावी आणि ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारी कळ अवश्य बसवावी. ओलें अंगण ही काटकसरीची जागा नव्हे.

पावसाळ्याच्या तोंडीं काजवे परस्परांस प्रकाशाच्या खुणांनींच बोलावितात. प्रखर उजेडांत त्या खुणा बुडतात. म्हणून निजानीज होतांच पायरीवरील एक मंद दिवा ठेवून बाकीचे मालवावे. आजीचा पाय सुरक्षित राहावा आणि नातवंडांस काजवेहि दिसावे, हें जिनें साधतें ती योजना आम्ही उत्तम समजतों.