त्रिरश्मीच्या पायऱ्या आणि समतेचे दार

2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष त्या लढ्यात उभे राहिले, त्यांनी सनातन्यांचे दगडधोंडे झेलले. मूर्तीच्या दर्शनाने आपले दैन्य फिटेल, अशी बाबासाहेबांची मुळीच समजूत नव्हती. प्रश्न माणूस म्हणून समान हक्काचा होता. तो लढा लढलेल्या समाजाला आम्ही आज एक प्रश्न विचारू इच्छितो. दार उघडे आहे, पण दारापर्यंत पोहोचताच येत नाही, अशा माणसाला प्रवेश मिळाला असे म्हणायचे काय?

हा प्रश्न आपल्याच त्रिरश्मी बुद्धलेण्यांचा आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी कोरली गेली. पुढे त्यांना 'पांडवलेणी' हे नाव चिकटले. पांडवांचा तेथे काडीचाही संबंध नाही, हे तेथील शिलालेखच सांगतात. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा लेख आहे. हे लेणे त्याने चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिले आणि भिक्खूंच्या चीवरादी खर्चासाठी 3000 कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. कोणत्याही दिशेने भिक्खू आला तरी त्याला येथे निवारा होता. आज मात्र 200च्या आसपास पायऱ्या चढल्याशिवाय लेण्यांचे दर्शन नाही. कुबडी घेतलेला तरुण, व्हीलचेअरवरची भगिनी, गुडघे गेलेली म्हातारी आई पहिल्याच पायरीशी थांबते.

सरकारने 2015 नंतर अपंगांना 'दिव्यांग' म्हणायला सुरुवात केली. आपल्या समाजाला या गोड नावांचा अनुभव आहे. 'हरिजन' म्हटल्याने काळारामाचे दार उघडले नव्हते. नाव बदलले म्हणून पायरीची उंची कमी होत नाही.

कायदा काय सांगतो? बाबासाहेबांच्या संविधानातील अनुच्छेद 41 अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य देण्यास सांगतो, तर अनुच्छेद 49 राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्यास सांगतो. हे दोन्ही अनुच्छेद एकाच भागात, शेजारधर्माने नांदतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत धार्मिक आणि सांस्कृतिक वापराच्या इमारतीही घेतल्या. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत जून 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे मापदंड केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम 15(1) अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे मापदंड करण्यास सरकारला सांगितले. लेणे ही 'इमारत' आहे काय, असा शब्दच्छल कोणी करील. पण सांस्कृतिक जीवनात समान सहभागाचा हक्क याच अधिनियमाच्या कलम 29 मध्ये आहे. त्याला इमारतीची अट नाही.

पुरातत्त्व खात्याचे ठरलेले उत्तर आम्हाला ठाऊक आहे: 'प्राचीन वास्तूला हात लावता येत नाही.' लेण्यांच्या दगडाला छिन्नी लावा, असे आमचे म्हणणेच नाही. ब्रिटनमध्ये अपंगांविषयीच्या कायद्याने ऑक्टोबर 2004 पासून लोकांना सेवा देणाऱ्यांवर इमारतीतील अडथळे दूर करण्याची जबाबदारी टाकली. त्यात शेकडो वर्षांची चर्चेसही आली. भिंत न फोडता तेथे उतार बसवले गेले. दूर कशाला? जानेवारी 2001 मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा कुतुबमिनार आणि जंतरमंतर येथे लाकडी उतार टाकले गेले. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी जे होते, ते आंबेडकरनगरातल्या आमच्या बांधवासाठी का होत नाही?

डोलीचा उपाय कोणी सुचवील. अजिंठ्याला डोल्या आहेत. परंतु एका गरिबाच्या खांद्यावर दुसऱ्या माणसाला वाहणे ही तात्पुरती सोय झाली, हक्क नव्हे. स्वाभिमानाने, स्वतःच्या हिमतीवर जाता यावे, ही आमची मागणी आहे.

म्हणून खात्याने अपंगांच्या संघटनांना सोबत घेऊन त्रिरश्मीची सुगमता तपासणी करावी. पायथ्याशी उतार, वापरता येईल असे स्वच्छतागृह व राखीव वाहनतळ द्यावे. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आणि ठराविक अंतरावर बसण्याची जागा करावी. अंध बांधवांसाठी हाताने चाचपता येईल अशी लेण्यांची प्रतिकृती व ब्रेल फलक, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतील चित्रफीत ठेवावी. डोंगराला धक्का न लावता वर जाण्याचा कोणता मार्ग शक्य आहे, याचा तज्ज्ञांकडून अभ्यास करून अहवाल जाहीर करावा. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला आहे.

आणि एक काम आपल्या स्वतःच्या हातातले. वस्त्यावस्त्यांत आपण वर्गणी काढून विहारे बांधतो. कित्येक ठिकाणी बुद्धमूर्ती वरच्या मजल्यावर असते. तेथे पुरातत्त्व खात्याची आडकाठी नाही, कोणाची परवानगी अडलेली नाही. एक उतार आणि एक कठडा यांचा खर्च जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा जास्त नसतो. येत्या बुद्धपौर्णिमेपूर्वी प्रत्येक विहार समितीने आपल्या पायऱ्या मोजाव्यात आणि त्यांच्यामुळे वस्तीतले कोण घरी राहते, त्यांची नावेही लिहून काढावीत. त्या यादीतला पहिला माणूस वंदनेला आत येईल, त्या दिवशी काळारामाचा सत्याग्रह एक पाऊल पुढे गेला असे आम्ही मानू.

जयभीम!