सांडपाण्यावर विरजण

बादलीभर सांडपाणी घ्या. (घेऊ नका, पण समजा घेतलं.) त्यात 99.9 टक्के निव्वळ पाणी असतं. नदीची वाट लावतो तो उरलेला 0.1 टक्का.

कऱ्हाडएवढं गाव धरा, 50 हजार वस्तीचं. भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज 135 लिटर पाणी, हा सरकारी हिशेब. त्यातलं 80 टक्के मोरी-संडासातून परत निघतं. म्हणजे 54 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 540 टँकर, आणि तेही दररोज!

हे सगळं तसंच नदीत गेलं तर? नदी पचवायला बघते बिचारी. पाण्यातले जिवाणू घाण खातात, पण खाताना विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. पाणी तापलं की हा प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. वरून नवी हवा मिसळली नाही तर एक लिटर कच्चं सांडपाणी तीसेक लिटर नदीचा सगळा प्राणवायू फस्त करू शकतं. मग मासे पोट वर करून तरंगू लागतात.

एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, करतं तेच जे नदी करते. फक्त आधी, टाकीत, आणि हवा विकत घेऊन. सुरुवातीला जाळी चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य अडवते. पुढे वाळू खाली बसते. खरी गंमत त्यानंतरच्या टाकीत.

तिची युक्ती 1914ची. मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे रसायनशास्त्रज्ञ बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडत बसले होते. पाणी पूर्ण निवळायला पाचेक आठवडे लागले. मग त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. त्याच्यावरच नवं सांडपाणी ओतलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. गाळात जिवाणू साठत गेले आणि शेवटी काम 24 तासांवर आलं! आपल्या आज्या कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवत, तसलाच प्रकार. आजही त्या पद्धतीच्या केंद्रांत बसलेल्या गाळाचा काही भाग मुद्दाम परत टाकीत सोडतात. एरवी उत्साहावर विरजण पडतं, इथे घाणीवर. या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले.

विरजण नीट लागलंय का, हे कळतं कसं? लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती खाली बसतो ते बघायचं. रंग चॉकलेटी हवा. वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा! सडक्या अंड्यासारखा आला, तर समजावं की जिवाणू गुदमरलेत. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डुलणाऱ्या घंटेसारखा व्हॉर्टिसेला हा सूक्ष्मजीव दिसला की ऑपरेटर निर्धास्त.

हवेचं बिल मात्र जबर. पारंपरिक केंद्रात निम्म्याच्या आसपास वीज टाकीत हवा फुंकण्यातच जाते. त्यामुळे लोडशेडिंगचा पहिला फटका जिवाणूंना.

घाणीचं माप म्हणजे बीओडी: ती पचवायला लागणारा प्राणवायू. इंग्रजांची चाचणी 20 अंशांना पाच दिवस चालते, आपली 27 अंशांना तीन दिवस. निकाल हाती येईस्तोवर ते पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं!

परत टाकीत सोडून उरलेल्या गाळाचा जळाऊ गॅसही होतो, आणि ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरला जात होता.

आता एक कडू आकडा. 2017च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरं आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या वगळून इतर गावांच्या एसटीपीतून सुटणाऱ्या पाण्याला लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीची मुभा आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती 10 वर आणायला सांगितली. नदीत अंघोळीसाठी मात्र बीओडी 3 च्या आत हवा. तेव्हा ‘प्रक्रिया केलेलं’ पाणी म्हणजे तीर्थ नव्हे. मधला फरक नदीच्या वाहत्या पाण्यानेच भरून काढायचा असतो.

तुमच्या हातात एवढं आहे: तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. ते पाइपात थिजतं, टाकीवर तवंग धरतं आणि जिवाणूंची हवा अडवतं.