नाका गेला, थकबाकी राहिली

२०२६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती अधिसूचित केली. तिची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. या दुरुस्तीने ‘थकीत पथकर’ ही संज्ञा नियमांच्या भाषेत रुजू केली आहे. एखादे वाहन राष्ट्रीय महामार्गावरून गेल्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने केली, पण त्याचा पथकर मात्र जमा झाला नाही, तर ती रक्कम त्या वाहनाच्या नावे थकीत धरली जाईल. ती भरेपर्यंत मालकी बदलण्यासाठी किंवा वाहन परराज्यात नेण्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र मिळणार नाही, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण होणार नाही आणि मालवाहू वाहनाला राष्ट्रीय परवानाही मिळणार नाही.

ही तरतूद अकस्मात आलेली नाही. महामार्गावरील आडवा दांडा काढून टाकायचा, वाहनाने वेग कमी न करता पुढे जायचे आणि वरच्या कमानीवरील यंत्राने काचेवरचा फास्टॅग व क्रमांकाची पाटी वाचून पैसे वळते करून घ्यायचे, या दिशेने सरकारची पावले पडत आहेत. गुजरातमधील चोऱ्यासी येथील नाक्यासाठी अशा व्यवस्थेचा करार २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. रांगा जातील, इंधन वाचेल, नाक्यावरच्या हमरीतुमरीलाही आळा बसेल. या लाभांविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. मात्र दांडा उचलला, की पैसे न देताही वाहन पुढे जाऊ शकते, आणि मग न मिळालेल्या पैशांसाठी दुसरी वेसण शोधावी लागते. सरकारने ती वाहनाच्या कागदपत्रांत शोधली आहे.

जकात नाक्यांचा काळ पाहिलेल्या पिढीला नाका ही काही प्रेमाने आठवावी अशी गोष्ट वाटणार नाही. तरीही नाक्यावरच्या रोख व्यवहाराला एक गुण होता. तेथे देणे ज्या क्षणी उत्पन्न होई त्याच क्षणी ते फिटतही असे. वाद असेल तर तो तेथेच, समोरासमोर होई. पावती हातात पडली की पुन्हा कोणी मागे वळून विचारीत नसे. एवढेच नव्हे, तर वसुली करणाऱ्याकडे काही उणीव राहिली तर तिचा भुर्दंडही त्यालाच सोसावा लागे. २०१८ साली केंद्राने केलेल्या एका दुरुस्तीत हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत आले होते. वाहनावर चालू स्थितीतील फास्टॅग आहे, खात्यात पुरेशी शिल्लक आहे आणि तरीही नाक्यावरचे यंत्र बिघडल्यामुळे पैसे वळते होत नाहीत, अशा वेळी वाहन विनाशुल्क सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असा तो नियम. यंत्र ज्याचे, त्याच्या बिघाडाची किंमतही त्याची.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा नियम अत्यंत शहाणपणाचा होता. चुकीचा खर्च कोणावर टाकावा, या प्रश्नाचा सविस्तर विचार गिदो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या संदर्भात केला. जो पक्ष ती चूक कमीत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर ती जबाबदारी टाकली म्हणजे एकूण समाजाचा खर्च सर्वांत कमी होतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. यंत्र दुरुस्त ठेवणे ठेकेदाराला सोपे आहे; प्रत्येक कमानीखालून गेल्यावर आपली नोंद नीट झाली की नाही हे तपासणे वाहनचालकाला अशक्यप्राय आहे. कमानीवरची व्यवस्था आली की हा तोल बिघडण्याचा धोका असतो. जे पैसे मिळाले नाहीत ते यंत्राच्या दोषामुळे मिळाले नाहीत की चालकाच्या, हे नोंदवहीतल्या एका ओळीवरून कळत नाही. ‘थकीत’ एवढाच शेरा उरतो, आणि तो खोटा ठरविण्याचे काम ज्याच्या नावावर तो पडला त्याच्या गळ्यात येते.

थकबाकी किती निरनिराळ्या वाटांनी उत्पन्न होऊ शकते हे पाहिले म्हणजे यातील मेख लक्षात येते. खात्यात पैसे नसणे हे सरळ कारण झाले. परंतु बँकेने ओळखपत्रांची पूर्तता झाली नाही म्हणून टॅग बंद ठेवलेला असतो, टॅग काचेवर भलत्याच जागी चिकटविलेला असतो, ऊसवाहतुकीच्या हंगामात क्रमांकाच्या पाटीवर चिखलाचा थर असतो, आठाच्या जागी तीन वाचला जातो. (पाटीवर मराठी अंक रंगविण्याची आपल्याकडची हौस कायद्यात बसत नाही, यंत्रालाही ती मानवणार नाही.) आणि तीन वाचला गेला तर भुर्दंड ज्याच्या वाहनाच्या क्रमांकात तीन आहे त्याला पडतो, मग त्याचे वाहन त्या दिवशी दारात उभे का असेना!

अशा वेळी सूचना पाठविली जाईल, मुदत मिळेल, तक्रार ऐकली जाईल, असे उत्तर दिले जाते. ते खरे धरले तरी ती सूचना पोहोचते कोठे? लहान मालवाहतूकदारांच्या व्यवसायाची ज्याला थोडी माहिती आहे त्याला हे ठाऊक असते, की एखादा टेम्पो दोन-तीन मालकांच्या हातांतून आलेला असतो. नोंदीतला भ्रमणध्वनी क्रमांक कधी पहिल्या मालकाचा असतो, कधी कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा. नाशिकहून वाशीच्या बाजाराकडे भाजी घेऊन निघणाऱ्या चालकाला आपल्या नावावर शे-दीडशे रुपये थकले आहेत हे कळेल ते बहुधा परिवहन कार्यालयाच्या खिडकीपाशीच.

आणि येथेच या तरतुदीचा खरा भार कोणावर पडतो हा प्रश्न उभा राहतो. नियम सर्वांना सारखा आहे, असे दिसते. वस्तुतः तसे नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. तोवर तिला योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा प्रश्न येत नाही, आणि राष्ट्रीय परवान्याशी तिचा संबंधच नाही. गाडी विकायची किंवा परराज्यात न्यायची वेळ येईल तेव्हाच तिच्या मालकाला थकबाकीची आठवण होणार. मालवाहू वाहनाचे तसे नाही. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार ते नसेल तर वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. ते रस्त्यावर काढणे गुन्हा होतो, अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो. एकाच रकमेच्या थकबाकीने एकाची गाडी विकण्याची सवड लांबते, तर दुसऱ्याची रोजची कमाई थांबते. ज्याचे पोट त्या चाकांवर आहे, त्याच्यापुरताच हा नियम धारदार आहे.

सवलतींकडे पाहिले तर हेच चित्र उलट बाजूने दिसते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीपगाड्या व एसटीच्या बसगाड्यांना पथकरातून सूट दिली. एसटीची सूट सर्वथा योग्य होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास निघाला. सुरुवातीला तो ३,००० रुपयांना, २०० फेऱ्यांसाठी किंवा एका वर्षासाठी होता, आणि तो फक्त बिगरव्यावसायिक मोटारींना मिळतो. त्याच महिन्यात राज्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेवरच्या मोटारींना व बसगाड्यांना माफी जाहीर केली. या निर्णयांचा लाभ प्रामुख्याने मोटार बाळगणाऱ्या वर्गाला मिळाला. माफीने रस्त्याचा खर्च नाहीसा होत नाही. करारात ठरलेले पैसे ठेकेदाराला द्यावेच लागतात. नाक्यावर मिळाले नाहीत तर ते तिजोरीतून जातात, आणि तिजोरीत ज्याने कधी स्वतःची मोटार पाहिली नाही त्याचाही पैसा असतो.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात पथकराची चर्चा केली आहे. अवजड मालाच्या गाड्यांपेक्षा चैनीच्या बग्ग्यांवर वजनाच्या मानाने अधिक पथकर बसवावा, म्हणजे श्रीमंतांच्या हौसेतून गरिबांच्या मालाची वाहतूक स्वस्त होईल, असे त्यांचे मत होते. आपण नेमका उलटा क्रम धरला आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रस्त्याची झीज मोटारींपेक्षा अवजड वाहनांनी कितीतरी पटींनी अधिक होते. आसावरचा भार वाढला की नुकसान त्याहून फार वेगाने वाढते. तेव्हा दहा टनांच्या मालमोटारीने मोटारीपेक्षा अधिक पथकर द्यावा, हे न्यायाचेच आहे. पण हा दराचा प्रश्न झाला. वसुली चुकली असता शिक्षा कोणाला किती व्हावी, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचा आसावरच्या भाराशी काही संबंध नाही. पथकर जाणूनबुजून बुडविणारे असतात आणि त्यांच्याकडून तो दामदुपटीने वसूल झाला तरी कोणी हळहळू नये. वैध फास्टॅग नसलेल्या वाहनाकडून २०२५ मध्ये नाक्यावर रोख दुप्पट आकार घेतला जातच होता. यूपीआयने दिल्यास २०२५ च्या १५ नोव्हेंबरपासून सव्वापट. बुडविणारा आणि ज्याची नोंद चुकली तो, यांना एकाच दावणीला बांधणे हे मात्र आळशी प्रशासनाचे लक्षण आहे.

नाका जाण्याचा आणखी एक परिणाम होतो. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक पथकर सुरू झाल्यावर काय घडले याचा अभ्यास एमी फिंकेलस्टीन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली प्रसिद्ध केला. खिशातून नोटा काढाव्या लागत नाहीत तेव्हा आपण किती पथकर देतो हे चालकांच्या ध्यानात राहत नाही, आणि दर मात्र एरवी राहिले असते त्यापेक्षा वीस ते चाळीस टक्क्यांनी अधिक होतात, असे त्यांना आढळले. जो कर टोचत नाही तो वाढविणे सोपे असते. कोल्हापूरकरांनी शहरातील रस्त्यांच्या पथकराविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस तो पथकर रद्द झाला. त्या लढ्याला उभे राहण्यासाठी एक जागा होती, ती म्हणजे नाका. कमानीखाली ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारा नागरिक कोठे उभा राहून हिशेब विचारणार? राष्ट्रीय महामार्गांचे दर २००८ च्या नियमांप्रमाणे दरवर्षी तीन टक्क्यांनी आणि घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या चाळीस टक्क्यांनी वाढतात. आजवर ही वाढ निदान १ एप्रिलला नाक्यावरच्या फलकावर वाचावी लागे.

तेव्हा कमानी उभारल्या जाव्यात, पण २०१८ चे तत्त्व सोबत घेऊन. वैध टॅग आणि पुरेशी शिल्लक असूनही पैसे वळते झाले नसतील, तर त्या फेरीची थकबाकी मुळात उत्पन्नच होऊ नये. शिल्लक अपुरी असेल तर खात्यात पुढचा भरणा होताच ती रक्कम, जागा व वेळ कळवून, वळती करून घ्यावी. त्यासाठी वाहनाचे कागद अडविण्याची गरज नाही. छायाचित्राशिवाय कोणतीही नोंद थकीत धरू नये. ज्या नोंदीबद्दल वाद चालू आहे तिच्यामुळे योग्यता प्रमाणपत्र रोखू नये, कारण ब्रेक, दिवे आणि टायर यांची तपासणी ही सुरक्षिततेची बाब आहे. तिला वसुलीचे हत्यार केले तर वाहनधारक तपासणीच टाळू लागतील, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या इतरांना मोजावी लागेल. परिवहन कार्यालयातील कारकुनाला आज समोरच्या पडद्यावर फक्त थकबाकीचा आकडा दिसत असेल, तर त्या आकड्यासोबत छायाचित्र, वेळ आणि तक्रारीची स्थिती दाखविणे हे काही फार मोठ्या खर्चाचे काम नाही.